जीवाणूच्या श्वसनसाखळीतील पर्यायी विकरे कशी ओळखावीत

पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेली इलेक्ट्रॉन परिवहन साखळी ही मुळात तंतुकणिकेची आहे, आणि ती जशीच्या तशी जीवाणूवर लादली की निष्कर्ष हमखास चुकतात. ई. कोलायमध्ये तिसरे संकुल, म्हणजे सायटोक्रोम बीसी१, नसतेच. तेथे क्विनॉल या पेशीपटलातील इलेक्ट्रॉनवाहकाकडील इलेक्ट्रॉन थेट बीओ३ किंवा बीडी या ऑक्सिडेजांकडे, म्हणजे ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या शेवटच्या विकरांकडे, जातात. म्हणून एखाद्या जीवाणूत कोणते विकर खरोखर कार्यरत आहे, हे त्याच जीवाणूच्या पटलावर तपासून ठरवावे.

सुरुवात जनुकसंचापासून करावी. साखळीला इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या एनएडीएच या रेणूच्या प्रवेशद्वारी तीन शक्यता असतात: अनेक उपघटकांचे, प्रोटॉन उपसणारे एनडीएच-१, एकाच प्रथिनाचे, काहीही न उपसणारे एनडीएच-२, आणि व्हिब्रिओ कॉलरीसारख्या जीवाणूंतील, सोडियम आयन उपसणारे सहा उपघटकांचे एनक्यूआर. बीसी१ची जनुके सापडली नाहीत, पण सायटोक्रोम सी ऑक्सिडेजची सापडली, तर पर्यायी तिसऱ्या संकुलाचा शोध घ्यावा. बीसी१शी नाते नसलेले हे संकुल क्विनॉलकडून सायटोक्रोम सीकडे इलेक्ट्रॉन नेण्याचे तेच काम करते. फ्लॅव्होबॅक्टेरियम जॉन्सोनीमधील त्याची रचना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तेथे ते एए३ या सायटोक्रोम सी ऑक्सिडेजला जोडलेले आढळले. मात्र ही यादी केवळ शक्यतांची असते. स्यूडोमोनास एरुजिनोसाकडे पाच अंत्य ऑक्सिडेजांची जनुके आहेत. त्यांपैकी कोणती व्यक्त होतील, हे ऑक्सिजनचे प्रमाण, वाढीची अवस्था आणि पोषकद्रव्ये यांवर अवलंबून असते. त्यामुळे वाढीची परिस्थिती काटेकोरपणे नोंदवावी आणि भरपूर हवा व अल्प हवा अशा दोन्ही स्थितींतील पेशी घ्याव्यात.

अखंड पेशीत एनएडीएच शिरत नाही, म्हणून पेशी उच्च दाबाने फोडून उलट्या तोंडाची, म्हणजे आतली बाजू बाहेर असलेली, पटलपुटिका तयार करावी. न फुटलेल्या पेशी मंद गतीने खाली बसवून, वरचा द्राव सुमारे १,००,००० जी इतक्या वेगाने तासभर फिरवावा आणि मिळालेले पटल एकदा धुवावे. धुण्याची पायरी टाळू नये, कारण पेशीद्रवातील विकरेही एनएडीएचचे ऑक्सिडीकरण करतात आणि ती क्रिया पटलाच्या खात्यात जमा होते.

एनएडीएच-डीहायड्रोजिनेज वेगळे करण्यासाठी ३४० नॅनोमीटरवर दोन समांतर मापने घ्यावीत: एक एनएडीएचसह, दुसरे डीअमिनो-एनएडीएच या त्याच्या किंचित बदललेल्या रूपासह. ई. कोलायमध्ये दुसरा पदार्थ एनडीएच-१ वापरते, एनडीएच-२ वापरत नाही. एनक्यूआरही तो वापरू शकते, त्यामुळे त्याची शक्यता असलेल्या जीवाणूत सोडियम घातल्यावर वेग वाढतो का, हेही पाहावे लागते.

अंत्य ऑक्सिडेजांसाठी ऑक्सिजन इलेक्ट्रोड हे सर्वांत बोलके साधन आहे. डायथायोनाइटने शून्य निश्चित करून मग एनएडीएच घालावे; ऑक्सिजनची रेषा सरळ उतरू लागली की पोटॅशियम सायनाइड टप्प्याटप्प्याने वाढवावे. बीओ३ काही दहा मायक्रोमोलरला बऱ्याच अंशी थांबते, बीडीला मात्र मिलिमोलर मात्रा लागते. दोन्ही असलेल्या पटलात पहिल्या मात्रेनंतर उतार मंदावतो, पण आडवा होत नाही, आणि हा उरलेला उतारच पर्यायी मार्गाची पहिली खूण असतो. सायनाइड प्राणघातक आहे: त्याचे द्रावण अल्कधर्मीच ठेवावे, आम्लाजवळ कधीही नेऊ नये, काम धूरकपाटातच करावे आणि एकट्याने करू नये. उदासीन द्रावणातून हायड्रोजन सायनाइड उडून जाते, म्हणून पात्र बंद नसेल तर मात्रेचा आकडाही विश्वसनीय राहत नाही. अॅस्कॉर्बेटसोबत टीएमपीडी हे सायटोक्रोम सीला इलेक्ट्रॉन देणारे रसायन दिल्यावर ऑक्सिजन वेगाने खर्च झाला, तर सायटोक्रोम सी ऑक्सिडेजचा मार्ग उपलब्ध आहे असे समजावे, ई. कोलाय नेहमीच्या ऑक्सिडेज चाचणीत ऋण ठरतो, तो हा मार्ग नसल्यामुळेच.

यानंतर वर्णपट घ्यावा. हवेतील नमुन्याचा वर्णपट डायथायोनाइटने क्षपित केलेल्या नमुन्यातून वजा केल्यास ई. कोलायच्या बीडीचे शिखर ६२८ नॅनोमीटरजवळ आणि खळगा ६५०च्या आसपास दिसतो, तर एए३चे शिखर ६००च्या थोडे पुढे असते. हा खळगाही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण तो ऑक्सिजन धरून बसलेल्या हीम डी या बीडीमधील लोहयुक्त घटकाचा असतो. येथे एक मर्यादा लक्षात ठेवणे आवश्यक आहे: स्यूडोमोनास एरुजिनोसाचे सायनाइड-असंवेदी ऑक्सिडेज बीडीच्याच कुळातील असूनही हे ठळक शिखर दाखवत नाही. स्वतः हायड्रोजन सायनाइड तयार करणाऱ्या या जीवाणूला असे ऑक्सिडेज उपयोगी पडावे, हे स्वाभाविकच आहे. शिखर नाही म्हणून विकर नाही, असे त्यामुळे लिहू नये.

अंतिम निर्णय जनुक काढून टाकलेल्या उत्परिवर्तकांवर सोपवावा, पण एकच जनुक काढून थांबू नये. क्षयरोगाच्या जीवाणूत टेलासेबेक हे रसायन बीसीसी-एए३ हा तिसरे संकुल व सायटोक्रोम सी ऑक्सिडेज यांचा मार्ग रोखते, तरी बीडी श्वसन चालू ठेवते. बीडीही काढून टाकल्यावरच त्या रसायनाचा मारक परिणाम उघड होतो. म्हणून प्रत्येक मार्गाचा एकेरी आणि दुहेरी उत्परिवर्तक तयार करावा, काढलेले जनुक परत घालून मूळ वेग परततो का ते पाहावे, आणि वरील सर्व मापने त्याच वाढस्थितीत पुन्हा घ्यावीत.