कोर्टावरची सिरीयल लिहायचीय? आधी ‘लॉ अँड ऑर्डर’ कशी बनली ते बघा

मी लॉ केलं, काही काळ सेशन्स कोर्टात एका सीनियरकडे ज्युनियर म्हणून होते आणि मग टीव्हीत आले, कोर्टावरच्या एका हिंदी मालिकेत आधी रिसर्चला आणि नंतर पटकथेवर. आता आमच्याकडे नवीन मुलं येतात, कोणी मास कॉम केलेलं, कोणी वकिली सोडून आलेलं, कोणी एकांकिका लिहिणारं, आणि बहुतेकांच्या डोक्यात कोर्टाचा सीन म्हणजे हिरो वकिलाचं तीन पानी भाषण असतं. त्यांना मी भाषण बाजूला ठेवायला सांगते आणि ‘लॉ अँड ऑर्डर’ ह्या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पाच-सहा सीझनमधले एपिसोड वही घेऊन बघायला लावते. प्रत्येक सीनला एवढंच लिहायचं, की इथे कोणाला काय हवं होतं आणि कायद्यातली कुठली गोष्ट आडवी आली. दहा-बारा एपिसोड असे केले की कळतं, कोर्टाची मालिका अडथळ्यावर चालते. खरं काय घडलं ते प्रेक्षकाला माहीत असतं, वकिलालाही माहीत असतं, पण ते कोर्टात आणता येत नाही, आणि सगळा ताण तिथून येतो.

हीच मालिका का, तर तिचं आयुष्य बघा. १३ सप्टेंबर १९९० ला एनबीसी ह्या अमेरिकन चॅनेलवर सुरू झाली, मे २०१० पर्यंत वीस सीझन आणि ४५६ एपिसोड झाले, बंद पडली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये परत आली. डिक वुल्फ हा तिचा निर्माता, आणि त्याच्या डोक्यात सुरुवातीला सरळ धंद्याचं गणित होतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिकडे तासाभराच्या ड्रामा मालिका पुनःप्रक्षेपणासाठी विकल्या जात नव्हत्या, अर्ध्या तासाच्या जात होत्या, म्हणून त्याने मधोमध कापता येईल असा एपिसोड आखला, पहिल्या अर्ध्यात पोलीस तपास आणि दुसऱ्या अर्ध्यात सरकारी वकील. तसं कापून विकायची वेळ आली नाही पण त्या गणितातून जी चौकट तयार झाली तीच मालिकेचा कणा ठरली, कारण पहिल्या अर्ध्यात पोलिसांनी जे काही घाईत, रागात, शॉर्टकट मारून केलेलं असतं त्याचं बिल दुसऱ्या अर्ध्यात वकिलाला भरावं लागतं. एकाच गोष्टीकडे दोन नोकऱ्यांतली माणसं दोन बाजूंनी बघतात. हे इतकं साधं आहे की नवीन लेखकाला त्याची ताकद लगेच जाणवत नाही.

पायलट, म्हणजे चॅनेलला दाखवायचा नमुन्याचा एपिसोड, १९८८ मध्ये सीबीएस ह्या दुसऱ्या चॅनेलसाठी शूट झाला होता आणि त्यांनी तो घेतला नाही, कारण त्यात चमकणारा स्टार कोणी दिसत नव्हता असं सांगितलं जातं. पुढे एनबीसीने मालिका घेतली तेव्हा तो पायलट सहावा एपिसोड म्हणून दाखवला, आणि त्यात डिस्ट्रिक्ट अॅटर्नीच्या, म्हणजे सरकारी वकिलांच्या बॉसच्या, भूमिकेत दुसराच नट आहे. पण तो एपिसोड बघताना काही अडत नाही! कारण प्रेक्षक खुर्ची ओळखतो. दोन डिटेक्टिव्ह, त्यांचा वरिष्ठ, दोन वकील आणि त्यांचा बॉस, ह्या सहा खुर्च्या आणि त्यांवरची माणसं बदलत राहिली. सुरुवातीच्या संचातला शेवटचा माणूस, स्टीव्हन हिल, २००० साली बाहेर पडला, त्यानंतर मालिका आणखी दहा वर्षं चालली. जेरी ऑरबाक १९९२ मध्ये डिटेक्टिव्ह ब्रिस्को म्हणून आला, सॅम वॉटरस्टन १९९४ मध्ये सरकारी वकील म्हणून, आणि आज लोकांना ह्यांच्याशिवाय ती मालिका आठवतच नाही, पण दोघंही पहिल्या दिवशी नव्हते. आपल्याकडे नटाने मालिका सोडली की अपघात दाखवा, लीप घ्या, चेहरा बदला अशी धावपळ होते कारण ट्रॅक सगळा त्याच्या घरातून चाललेला असतो. तिथे पात्रांचं घर जवळपास दिसतच नाही. ऑरबाकच्या ब्रिस्कोला दारूचा इतिहास आहे, मोडलेली लग्नं आहेत, हे आपल्याला जाता जाता एखाद्या वाक्यातून कळतं, प्रेताशेजारी उभं राहून बोलताना. नवीन पोरांनी हा भाग खास शिकावा, एका ओळीत माणूस उभा करणं.

आता मुख्य मुद्दा, आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचंय. त्या मालिकेतले कितीतरी एपिसोड मधल्या वळणावर एकाच गोष्टीने पलटतात. पोलिसांनी वॉरंटशिवाय झडती घेतली, किंवा आरोपीने वकील मागितल्यावरही विचारपूस चालू ठेवली, बचावपक्षाने अर्ज दिला, जज म्हणाले हा पुरावा बाद. झडतीबद्दलचा १९६१ चा मॅप खटला आणि विचारपुशीबद्दलचा १९६६ चा मिरांडा खटला, अमेरिकन सुप्रीम कोर्टाच्या ह्या दोन निकालांवर त्या लेखकांनी वर्षानुवर्षं गोष्टी रचल्या. नवीन लेखक हे बघतात, खूश होतात आणि तेच वळण उचलून मुंबईच्या कोर्टात टाकतात, झडती बेकायदा होती सबब चाकू बाद. हे आपल्याकडे असं चालत नाही. मुंबईच्या एका कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेच्या प्रकरणात, आर. एम. मलकानी खटल्यात, सुप्रीम कोर्टाने टेलिफोनवरचं टेप केलेलं संभाषण पुरावा म्हणून मानलं. पुरावा मिळवण्याची पद्धत चुकीची असली तरी तेवढ्याने तो बाद होत नाही, विषयाशी संबंध असला की कोर्ट तो बघू शकतं, ही भूमिका आपल्याकडे पक्की आहे. म्हणजे अमेरिकन वळण इथे उचललं की ज्याला कायदा कळतो तो प्रेक्षक तिथेच उठतो.

पण आपल्या कायद्यात आपले अडथळे आहेत आणि ते कमी नाट्यमय नाहीत. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते ठेवलंय. आरोपी पोलीस स्टेशनात ढसाढसा रडून सगळं सांगतो, तपास अधिकारी (आयओ) ते ऐकतो, आपणही ऐकतो, आणि ह्यातलं एक अक्षर जजसमोर येणार नाही. येणार काय तर फक्त तेवढाच तुकडा ज्यातून काहीतरी वस्तू सापडली, ‘चाकू मी नाल्याकाठी पुरलाय, दाखवतो’ एवढंच. मग तो चाकू काढताना जे दोन पंच होते त्यांच्यावर अख्खा खटला लटकतो. आता हे दोन पंच कोण? एक स्टेशनसमोरचा चहावाला ज्याला पोलीस दर वेळी बोलावतात, दुसरा रस्त्याने जाणारा कोणीतरी ज्याची तीन वर्षांनी साक्ष निघते आणि त्याला काही आठवत नाही किंवा आठवायचं नाही. बचावाचा वकील चहावाल्याला शांतपणे विचारतो, ह्या पोलीस स्टेशनच्या किती पंचनाम्यांवर तुमची सही आहे, तुमच्या टपरीला परवाना आहे का, पंचनामा लिहिला तेव्हा तुम्ही कुठे उभे होता. आवाज एकदाही चढवायचा नाही. दुसरा पंच फितूर होतो. आरोपीने खून केलाय हे प्रेक्षकाला माहीत आहे आणि तो डोळ्यांदेखत सुटत चाललाय. मला सांगा, ह्यापुढे कुठलं भाषण टिकेल?

भाषणाचा विषय निघालाच आहे तर, तिकडे समोर ज्युरी असते, बारा सामान्य माणसं, त्यांना हलवायचं असतं म्हणून वकील शेवटी उभा राहून बोलतो. आपल्याकडे ज्युरी नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईत ज्युरीने आठ विरुद्ध एक असं निर्दोष म्हटलं, सेशन्स जजने ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच उरली नाही. त्यामुळे आपल्या कोर्टात अंतिम युक्तिवाद ऐकणारा एकच माणूस असतो, तो शिकलेला न्यायाधीश आहे, त्याने अशा शेकडो केसेस ऐकल्यात, आणि तो रडणाऱ्या वकिलाला म्हणेल, परिच्छेद सांगा. भावना लिहायची असेल तर तिची जागा शिक्षेच्या सुनावणीत आहे. दोषी ठरल्यावर शिक्षा किती ह्यावर आरोपीला बोलायची संधी द्यावी लागते, तेव्हा तो माणूस काय बोलतो, घरी कोण आहे म्हणतो, की गप्प राहतो. हा सीन आपल्या मालिकांत जवळपास कधी येत नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

हे सगळं पुस्तकातून येणार नाही, कोर्टात जाऊन बसा. फौजदारी खटले खुल्या कोर्टात चालतात, बलात्कार किंवा पोक्सोसारखे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचे) इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड चालणारे, खटले सोडले तर मागच्या बाकावर कोणालाही बसता येतं. फोन बंद, रेकॉर्डिंग अजिबात नाही. काळा घोड्याजवळचं मुंबईचं सेशन्स कोर्ट असो की तुमच्या तालुक्याचं, सकाळी जाऊन बाहेरचा बोर्ड वाचा आणि ज्या केसला ‘पुरावा’ लिहिलंय तिथे बसा. बहुतेक वेळ काहीच घडणार नाही, तारखा पडतील, साक्षीदार आलेला नसेल, आरोपीला जेलमधून आणलेलं नसेल. तरी बसा. साक्षीदार मराठीत काय बोलला आणि जजने स्टेनोला काय सांगितलं ह्यातला फरक ऐका, सरकारी वकील फाइल तिथेच उघडून वाचतोय ते बघा, शिरस्तेदार (कोर्टाचा कारकून) रोजनामा, म्हणजे त्या दिवशी केसमध्ये काय झालं त्याची नोंद, लिहितोय ते बघा, आणि आरोपीची आई कुठे बसते ते बघा. जज हातोडा वापरत नाहीत आणि शपथेला गीता आणत नाहीत, हे दोन तर पहिल्याच दिवशी कळेल. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला विचारताना, सूचक (उत्तर सुचवणारे) प्रश्न चालत नाहीत आणि उलटतपासात चालतात, हे ऐकून ऐकून कानात बसलं की तुमचे संवाद आपोआप सुधारतात.

बातमीवरून गोष्ट करायची तर ‘लॉ अँड ऑर्डर’चा सगळ्यात आधी प्रसारित झालेला एपिसोडच बघा. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ह्या अठरा वर्षांच्या मुलीचा हॉस्पिटलमध्ये मृत्यू झाला आणि शिकाऊ डॉक्टरांच्या अतिश्रमाचा प्रश्न पेटला, त्याच्यावरून तो बेतलाय. लेखकांनी बातमीतला प्रश्न घेतला, छत्तीस तास जागा असलेल्या डॉक्टरकडून चूक झाली तर गुन्हेगार कोण, आणि माणसं, घटना, शेवट स्वतःचा ठेवला. तुम्हीही असंच करा. नावं बदलून बातमी जशीच्या तशी मांडली की ती रीकन्स्ट्रक्शन होते आणि शिवाय चॅनेलची लीगल टीम ती थांबवते. केस चालू असेल तर जास्तच जपावं लागतं, आणि बलात्कार पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही, गाव, शाळा, बापाचा धंदा, अजिबात नाही, तो गुन्हा आहे.

रोजच्या कामाचं थोडक्यात सांगते. मुंबईत कथा, पटकथा आणि संवाद बऱ्याचदा वेगवेगळी माणसं लिहितात. आधी वनलाइन, म्हणजे एपिसोडची थोडक्यात गोष्ट, जाते, ती चॅनेलच्या क्रिएटिव्हकडून पास झाली की पटकथा, मग संवाद, आणि शूटच्या दिवशी पानं बदलायची तयारी. रिसर्चला असाल तर प्रत्येक एपिसोडची तारखांची पट्टी आधी करा, गुन्हा कधी, अटक कधी, दोषारोपपत्र कधी. आता तर हे फारच गरजेचं झालंय कारण १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. खून त्या तारखेच्या आधीचा असेल तर आयपीसी ३०२, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. नटाच्या तोंडी चुकीचं कलम गेलं की डबिंगमध्ये दुरुस्त करताना ओठ जुळत नाहीत.

साक्षीदाराच्या भूमिका लिहिताना एक लक्षात ठेवा, तो नट एकाच एपिसोडसाठी येणारे. ‘लॉ अँड ऑर्डर’ न्यूयॉर्कमध्ये शूट होत असल्याने तिथल्या रंगभूमीवरचे कसलेले नट एका-दोन सीनसाठी मिळायचे आणि मालिकेचा अर्धा जीव त्यात होता. दुकानदार, शेजारीण, लिफ्टमन, सगळे खरे वाटायचे. आपल्याकडे प्रायोगिक आणि एकांकिकेतून आलेली मंडळी आहेतच, त्यांच्यासाठी दीड पानाची साक्ष अशी लिहा की त्यांना ती करावीशी वाटेल.

आणि चौकट मोडायची घाई करू नका. १९९६ साली सहाव्या सीझनच्या शेवटी त्यांनी एक एपिसोड केला, ‘आफ्टरशॉक’, त्यात खटलाच नाही. एका आरोपीला मृत्युदंड देताना चार मुख्य पात्रं साक्षीला असतात आणि उरलेला दिवस ती काय करतात एवढीच गोष्ट. तो एपिसोड अंगावर येतो कारण त्याआधीची सहा वर्षं ह्या माणसांना आपण फक्त कामावर बघितलेलं असतं. नवीन पोरं काम मागताना दाखवायच्या पहिल्याच सॅम्पलमध्ये असलं काहीतरी करून आणतात, आणि तेव्हा वाचणाऱ्याला ती माणसं माहीतच नसतात.

सॅम्पलचं विचारलंत तर, एक पूर्ण एपिसोडची वनलाइन, एका उलटतपासाचा पूर्ण सीन संवादासकट, आणि अर्ध्या पानात कायद्याची टीप की ह्यात अडथळा कुठला आणि तो कुठल्या तरतुदीतून येतो. एवढं पुरतं, शंभर पानं कोणी वाचत नाही. पाठवायच्या आधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करा, ऑनलाइन होतं. करार आला की सहीआधी वाचा, श्रेय कुठलं मिळणार, कथा की पटकथा की नुसतं रिसर्च, आणि पैसे कुठल्या टप्प्याला किती, ते लिहून घ्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात लेखकाचा रॉयल्टीचा हक्क आहे, तो सोडल्याची ओळ करारात दिसली तर असोसिएशनला विचारल्याशिवाय सही करू नका.