नकोशा विचारांचा ओसीडी: ईआरपी उपचार कसा घ्यावा

देवघरात दिवा लावताना मनात देवाबद्दल अर्वाच्य शब्द उमटतो. तान्ह्या बाळाला शेजारी निजवून भाजी चिरताना ‘ही सुरी मीच त्याला मारली तर?’ असं डोक्यात चमकून जातं. असे विचार कधी ना कधी बहुतेकांना येतात. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर, म्हणजे नकोसे विचार आणि ते शमवायला पुनःपुन्हा केलेल्या कृती यांचा आजार) नसलेल्या लोकांच्या मनातले नकोसे विचार गोळा केले, तेव्हा ते रुग्णांच्या विचारांपासून वेगळे काढणं जाणकारांनाही जड गेलं.

फरक पडतो तो पुढच्या अर्ध्या मिनिटात. एक बाई ‘काय वेडंवाकडं येतं मनात’ म्हणते आणि भाजी चिरत राहते. दुसरी सुरी खाली ठेवते, बाळाला सासूबाईंकडे देते, आपण खरंच असं करू का याचा मनात तासभर तपास घेते आणि रात्री सगळ्या सुऱ्या माळ्यावर टाकते. सुरी दूर गेली की तिला हायसं वाटतं. नेमकं तेच हायसं वाटणं आजाराला पोसतं. मन एवढंच शिकतं, ‘सुरी लपवली म्हणून बाळ वाचलं.’ दुसऱ्या दिवशी चमचा पाहूनही धस्स होतं.

मराठीत या आजाराला मंत्रचळ म्हणतात आणि तो शब्द ऐकला की सतत हात धुणारी, सोवळं-ओवळं पाळणारी माणसं डोळ्यांसमोर येतात. इथे लिहितोय ते अशांसाठी, ज्यांचं सगळं कर्मकांड डोक्याच्या आत चालतं आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

आधी उपचाराचं स्वरूप समजून घ्या

ईआरपी म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: भीतीला ठरवून सामोरं जायचं आणि नेहमीची बचावाची कृती करायची नाही. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली याची पहिली रुग्णोदाहरणं प्रसिद्ध केली. आज ओसीडीसाठी सर्वांत भक्कम पुरावा असलेला मानसोपचार हाच आहे.

हा ‘बोलून’ करायचा उपचार असला तरी थेरपिस्टने ‘तुम्ही असं कधीच करणार नाही’ हे पटवून देणं म्हणजे उपचार नव्हे. ते समाधान संध्याकाळपर्यंत टिकतं आणि मग पुन्हा विचारावं लागतं. विचार खोटा ठरवण्याचा प्रयत्न इथे होतच नाही. ‘असेल, नसेल, आत्ता मला ठाऊक नाही’ एवढ्या अनिश्चिततेसह स्वयंपाक पुरा करता येणं, हे इथलं ध्येय आहे.

थेरपिस्ट निवडताना

भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असते. तो क्रमांक विचारायला संकोचू नका. मग सरळ विचारा: ‘ओसीडीसाठी ईआरपी करता का? मनातल्या मनात चालणाऱ्या विधींवर कसं काम करता? घरी काय करायला देता?’ उत्तरात फक्त समुपदेशन, सकारात्मक विचार आणि ध्यान एवढंच आलं, तर दुसरीकडे चौकशी करा. मनगटाला रबरबँड लावून विचार आला की ताणून सोडायला सांगणारेही भेटतात. तो प्रयोग टाळा. १९८७ साली डॅनियल वेग्नर यांनी लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं आणि अस्वल पुनःपुन्हा त्यांच्या मनात येतच राहिलं. विचार दाबला की तो असाच उसळतो.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मोफत सेवेला १४४१६ वर फोन करा; मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

एकदा मानसोपचारतज्ज्ञाची, म्हणजे औषध देऊ शकणाऱ्या मनोविकारांच्या डॉक्टरांची, भेट घ्याच. ओसीडीतला विचार माणसाला घृणास्पद वाटतो, म्हणूनच तो हादरतो. पण कानात आवाज येत असतील, ‘बाळात काहीतरी शिरलंय’ अशी ठाम खात्री वाटत असेल, किंवा स्वतःला संपवावंसं वाटत असेल, तर ईआरपीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पहिला आठवडा: वही

वाय-बॉक्स नावाची प्रश्नावली थेरपिस्ट भरून घेतात: दहा प्रश्न, ० ते ४० गुण. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ पासून पुढे तीव्र. दर महिन्याला ती पुन्हा भरली की प्रगती आकड्यात दिसते.

त्यासोबत साधी शंभरपानी वही घ्या आणि रकाने आखा: वेळ, प्रसंग, आलेला विचार, अस्वस्थता ० ते १००, त्यावर काय केलं, किती मिनिटं गेली. पाचवा रकाना सर्वांत मोलाचा आणि लोक नेमका तोच रिकामा सोडतात, कारण मनातल्या विधीला कुणी विधी मानत नाही. ते असे असतात: वाईट शब्द आला की लगेच चांगला शब्द म्हणणं, मनात माफी मागणं, कालचा प्रसंग पुन्हा पुन्हा आठवून तपासणं, ‘मला खरंच तसं वाटलं का’ म्हणून भावना चाचपणं, इंटरनेटवर लक्षणं शोधणं, नवऱ्याला किंवा आईला तोच प्रश्न विचारणं.

कुठला विचार आणि कुठला विधी, हे ओळखायची खूण सोपी आहे. जो आपोआप येऊन अस्वस्थ करतो तो विचार. ती अस्वस्थता कमी करायला तुम्ही मुद्दाम जे करता तो विधी. विचाराला हात लावायचा नाही, विधी बंद करायचा.

शिडी बांधणं

देवघरातलंच उदाहरण घेऊ. समजा, पूजेच्या वेळी घाण शब्द मनात येतो म्हणून कुणी अकरा वेळा नामजप करतं, कान पकडतं, आरतीची ओळ ‘नीट’ होईपर्यंत पुन्हा म्हणतं आणि वीस मिनिटांची पूजा दीड तास चालते. त्या व्यक्तीची शिडी, म्हणजे सोप्यापासून अवघडापर्यंतच्या सरावाच्या पायऱ्या, साधारण अशी होईल (आकडे वहीतल्या अस्वस्थतेचे):

२५ – भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या देवाच्या चित्राकडे दोन मिनिटं पाहायचं. शब्द आला तरी कान पकडायचे नाहीत.
४० – आरती एकदाच म्हणायची. मध्येच विचार आला तरी ओळ मागे न्यायची नाही.
५५ – ‘माझ्या मनात देवाबद्दल वाईट शब्द येतात’ हे वाक्य कागदावर लिहून दिवसभर खिशात ठेवायचं.
७० – देवळात जायचं, मनात शब्द असतानाच प्रसाद घ्यायचा, माफी न मागता घरी यायचं.
८५ – ‘कदाचित देव रागावला असेल आणि मला ते कधीच कळणार नाही’ या आशयाचा उतारा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचा.

इथे पुष्कळ भाविक बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं रास्त आहे. उपचार श्रद्धेवर घाला घालत नाही. त्याच देवळात येणारा, ओसीडी नसलेला भाविक जसं वागतो तेवढंच मोजमाप ठेवायचं. त्याच्या धर्मात निषिद्ध असलेलं काहीही करायला लावायचं नाही. गरज वाटली तर घरच्या गुरुजींशी एकदा बोला. तेही एकदाच, कारण दुसऱ्यांदा विचारलं की तो विधी होतो.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. थेरपिस्टशी तुम्ही इंग्रजीत बोलत असलात तरी उतारा मराठीतच लिहा. मनात जी शिवी मराठीत येते तिचं इंग्रजी रूप बोचतच नाही, आणि जे बोचत नाही त्याचा सराव करून काही शिकता येत नाही.

प्रत्यक्ष सराव

साधारणपणे आठवड्याला एक बैठक असते, ६० ते ९० मिनिटांची, आणि अशा १२ ते २० बैठका. खरं काम मात्र घरी, रोज ३० ते ६० मिनिटं.

सरावाआधी वहीत भाकीत लिहा, आणि ते मोघम नको. ‘मला त्रास होईल’ यातून काही हाती लागत नाही. ‘सुरी हातात घेऊन बाळाच्या खोलीत दहा मिनिटं सफरचंद कापलं तर पाचव्या मिनिटाला माझा ताबा सुटेल’ असं लिहा. मग ते करा. बाळ पाळण्यात, तुम्ही ताटलीत फोडी करत बसलेल्या. विचार आला की मनात एवढंच म्हणा, ‘हो, आला विचार,’ आणि पुढची फोड कापा. हात थरथरेल, छातीत धडधडेल. ते होऊ द्यायचं. नंतर भाकिताखाली काय घडलं ते लिहा. ताबा सुटला का? सुटला नसेल, तर थरथर असूनही काय करता आलं? मन शिकतं ते या दोन ओळींमधल्या तफावतीतून. अस्वस्थता ८० वरून ३० वर आली तर ठीक, पण ती उतरलीच पाहिजे असा हट्ट नको. ७० वरच राहिली आणि तुम्ही विधी न करता उठलात, तरी सराव फळला.

रेकॉर्ड केलेला उतारा तीन ते पाच मिनिटांचा, वर्तमानकाळात, मोबाइलवर. तोच पुन्हा पुन्हा अर्धा तास लावायचा. शेवटी ‘पण असं होणार नाही’ हे वाक्य घुसडायचं नाही. त्या एका वाक्याने अर्धा तास वाया जातो.

सवयीने मनात माफी मागून झालीच, तर अपराधी वाटून घेऊ नका. लगेच विचार मुद्दाम परत आणा: ‘माफी मागितली, पण ती पोचली की नाही कुणास ठाऊक.’ विधीने मिळालेला दिलासा असा तिथल्या तिथे मोडता येतो.

कुठे घसरतं

सराव करताना लोक लपूनछपून आधार घेतात. सुरी हातात, पण धार आपल्याकडे. बाळाची खोली, पण नवरा दारात उभा. उतारा कानात, पण ओठांवर नामजप. सुरुवातीला एखादा आधार चालतो, मात्र तो कधी काढायचा याची तारीख वहीत हवी. प्राणायाम एरवी जरूर करा, सराव चालू असताना मात्र नको, कारण तिथे तो पळवाट बनतो. अस्वस्थता शिगेला पोचली असताना उठून गेलात तर पळाल्यामुळेच वाचलो असं मन मानतं. त्यापेक्षा खालची पायरी घ्या, पण पुरी करा.

दुसरी घसरण घरच्यांच्या मायेतून होते. ‘मी चांगली आई आहे ना?’ या प्रश्नाला दिवसातून पंधरा वेळा ‘अगं हो’ म्हणणारा नवरा प्रेमानेच म्हणतो, पण त्याचं ‘हो’ विधीचा भाग झालेलं असतं. एकदम गप्प राहणं क्रूर ठरेल. थेरपिस्टसमोर दोघांनी मिळून वाक्य ठरवा: ‘याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय. पण मी इथेच बसतो तुझ्याजवळ.’ आधी पंधरावरून दहा, मग पाच. सासूबाईंनाही हे समजावून सांगा, नाहीतर प्रश्न फक्त दुसऱ्या खोलीत जातो.

औषधं

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी औषधं ओसीडीत नैराश्यापेक्षा बऱ्याचदा जास्त मात्रेत लागतात आणि परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून अनेकजण सोडतात, हे फार वाईट होतं. आजार तीव्र असेल तर औषध आणि ईआरपी एकत्र घेतात. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. स्वतःच्या मनाने गोळी अचानक बंद करू नका.

बरं वाटल्यानंतर

वाय-बॉक्सचे गुण ३५ टक्क्यांनी उतरले की उपचार लागू पडला असं मानतात. पुढच्या बैठका दोन आठवड्यांनी, मग महिन्याने ठेवा. रात्रीची जागरणं, परीक्षा, बाळंतपण, घरातलं आजारपण अशा काळात विचार पुन्हा जोर धरतात, आणि कितीदा तरी विषय बदलून येतात: सुरी गेली की गॅस, देव गेला की ‘रस्त्यात कुणाला गाडीचा धक्का लागला का’. नव्या विषयाला नवा आजार समजून पुन्हा पहिल्यापासून डॉक्टर शोधण्याची गरज नाही. तीच वही काढा, नव्या पानावर तेच सहा रकाने आखा आणि पाचव्या रकान्यापासून भरायला घ्या.