उंच नेमबाजाचं नीलिंग: आधी बघा, नडगी लांब की धड लांब

50 मीटर थ्री पोझिशन या रायफल प्रकाराची सुरुवात नीलिंगने, म्हणजे एक गुडघा टेकून नेम धरण्याने होते. प्रोन (पालथं पडून) आणि स्टँडिंग (उभं राहून) त्यानंतर. स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, तो हाच प्रकार. एअर रायफलमध्ये फक्त उभं राहून खेळलेली सहा फुटांवरची मुलं इकडे येतात तेव्हा त्यांना सरसकट एकच सल्ला मिळतो, "उंच आहेस, रायफल वर घे." कुणाला तो लागू पडतो, कुणाची पोझिशन त्यानेच बिघडते. कारण उंची कुणाच्या पायात असते, कुणाच्या धडात, आणि दोघांचे उपाय बरेचसे उलटे आहेत.

म्हणून पहिली तपासणी रायफलशिवाय करा. (सगळं वर्णन उजव्या हाताच्या नेमबाजासाठी आहे.) जॅकेट, पँट आणि बूट घालून रोलवर (उजव्या घोट्याखाली ठेवायच्या भरलेल्या गोल उशीवर) बसा, माकडहाड उजव्या टाचेवर येऊ द्या, डावी नडगी उभी ठेवा. डावं कोपर गुडघ्यावर टेकवून रायफल धरल्यासारखा तळहात वर करा आणि पाठ सैल सोडा. आता सोबत्याला बाजूने बघू द्या. तळहात साधारण काखेच्या पातळीवर असेल तर फारसं काही बदलायचं नाही. तो खांद्याच्या माथ्यापर्यंत गेला तर नडगी लांब आहे. काखेच्या बराच खाली राहिला तर धड लांब आहे.

दोघांनीही आधी रोल नीट करावा. नियमाने रोल जास्तीत जास्त 25 सेंमी लांब आणि 18 सेंमी व्यासाचा चालतो. उंच माणसाचं पाऊल लांब असतं, त्यामुळे घोटा आणि जमीन यांत जास्त पोकळी राहते. रोल अर्धवट भरलेला असेल तर घोटा लोंबकळतो, सगळा भार बोटांवर येतो आणि टाच डुलायला लागते. 18 सेंमीची मर्यादा सांभाळून रोल घट्ट भरा, मग वरून थोपटून पावलाच्या वरच्या बाजूसाठी खळगा करा. टाच सरळ वर हवी. रोल वापरताना पाऊल 45 अंशांपेक्षा जास्त वळवता येत नाही. बसल्यावर बहुतेक वजन टाचेवर, उरलेलं बरंचसं डाव्या पावलावर आणि उजव्या गुडघ्यावर अगदी थोडं असावं. उजवा गुडघा बाहेर घ्या. मांडी लांब असेल तर आणखी थोडा, म्हणजे तीन टेकूंचा त्रिकोण रुंद होतो.

नडगी लांब असेल तर गुडघा उंच येतो, रायफलचं पुढचं टोक वर जातं आणि नेमबाज नळी खाली आणण्यासाठी नकळत स्नायू वापरतो. यावर क्रम असा: आधी डावं पाऊल एकेक सेंटीमीटर पुढे सरकवा. नडगी कलली की गुडघा खाली येतो. पण ती फार कलू देऊ नका, नाहीतर पोटरीला धरून ठेवावं लागतं आणि पाऊल घसरू पाहतं. तेवढ्याने भागलं नाही तर कोपर गुडघ्याच्या टोकामागे मांडीवर घ्या. मांडी मागे उतरती असल्यामुळे हात खाली येतो. नियमाने कोपर गुडघ्याच्या टोकापासून 15 सेंमीपर्यंत मागे आणि 10 सेंमीपर्यंत पुढे चालतं. हँडस्टॉप (रायफलखाली डावा हात अडवणारा सरकता तुकडा) शेवटी पुढे न्या, एका वेळी एकच खाच.

धड लांब असलेल्याचं चित्र वेगळं. रायफल खाली राहते, मग तो मान वाकवून साइटकडे (नेम धरायच्या उपकरणाकडे) जातो. भुवईखालून वर बघत नेम धरला की डोळा लवकर थकतो, आणि शेवटच्या दहा शॉट्समध्ये पाठ आणखी खचते. इथे डावी नडगी उभीच ठेवा, म्हणजे गुडघ्याची पूर्ण उंची मिळते. हँडस्टॉप मागे घ्या. हात जवळ आला की कोपराचा कोन मिटतो आणि पुढचा भाग वर उचलला जातो. त्याबरोबर बटप्लेट (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) खाली सरकवा, त्याने मागचा भागही वर येतो. दोन्ही बदल जोडीनेच करा. नुसती बटप्लेट खाली घेतली तर नळी खाली झुकेल. हँडस्टॉप हलवला की स्लिंगची (रायफल आणि डावा हात जोडणाऱ्या पट्ट्याची) लांबी पुन्हा जुळवावी लागते. मान तरीही वाकलेली वाटली तर साइटखाली रायझर (उंची वाढवणारा ठोकळा) लावा आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) तेवढाच वर घ्या.

बटप्लेटशी जपून वागा. हात आणि खांदा यांत 55 सेंमी अंतर धरलं, तर बटप्लेटचा 1 मिलिमीटर 50 मीटरवर जवळपास 9 सेंमी होतो. टार्गेटचा काळा भाग 11.24 सेंमी व्यासाचा आणि दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं आहे. त्यामुळे अर्धा मिलिमीटरही लहान नाही. प्रत्येक बदलाआधी जुना आकडा वहीत लिहा.

बदल झाला की नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. नेम डावीकडे-उजवीकडे गेला असेल तर संपूर्ण बैठक उजव्या टाचेभोवती फिरवा, हाताने ढकलू नका. वर-खाली गेला असेल तर आधी डावं पाऊल किंचित पुढे-मागे करा, मग बटप्लेट.

नव्या पोझिशनचा निकाल पहिल्या पाच शॉट्सवर लावू नका. बैठक पंधरा-वीस मिनिटं धरा. घोट्याच्या पुढच्या बाजूला कळ येत असेल तर रोल जास्त कडक किंवा चुकीच्या जागी आहे. बोटं दुखत असतील तर रोल दबलेला आहे. उजव्या पायाला मुंग्या येणं बऱ्याचदा गुडघ्यामागे चुरगळलेल्या पँटमुळे असतं. बसण्याआधी कापड ओढून घ्या. ग्रुप (टार्गेटवरचा शॉट्सचा पुंजका) हळूहळू खाली उतरत गेला तर पाठ खचतेय का, रोल दबतोय का, हे आधी पाहा. साइटला क्लिक देऊन (तिची जुळणी बदलून) तो दोष झाकू नका. आणि बसताना जॅकेटची किनार टाच आणि बैठकीमध्ये अडकली नाही ना, हे दर वेळी हाताने चाचपा. तिथे फक्त पँट आणि आतले कपडे चालतात, आणि उंच नेमबाज मागे रेलून बसला की जॅकेट नेमकं तिथेच जातं.