पोरांना ओहोटीत समुद्र दाखवायचाय? आधी तिथी बघा

आमच्या मंडळातल्या बारा-पंधरा पोरांना घेऊन पहिल्यांदा वांद्र्याला कार्टर रोडच्या खडकांवर गेलो तेव्हा रविवार बघितला, तिथी नाही. निघाली अष्टमी, म्हणजे भांगाचं पाणी (ओहोटीलाही फारसं मागे हटत नाही ते), खडक जेमतेम उघडे, पोरं वडापाव खाऊन घरी.

तर पहिलं काम हेच. अमावस्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा, उधाणाचे दिवस, पाणी लांबवर मागे जातं. कोळी लोकांचा हिशोब सोपाय, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ येते, तृतीयेला साधारण सव्वादोन, त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की सकाळी साडेआठच्या आसपास पूर्ण ओहोटी. हा अंदाज झाला, नक्की वेळ आणि पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायचीच, उंचीचा आकडा जेवढा कमी तेवढं जास्त बघायला मिळतं. पोचायचं ओहोटीच्या तासभर आधी आणि पाणी फिरलं की लगेच किनाऱ्याकडे वळायचं, पोरं "अजून पाच मिनिटं" म्हणणारच, ऐकू नका. पावसाळ्यात तर जाऊच नका.

पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट, स्लिपर अजिबात नको, शेवाळावर घसरतात आणि कालवांच्या धारेने पाय चरचरीत कापतो (माझा कापलाय). पाच-सहा पोरांमागे एक मोठा माणूस.

आता बघायचं कसं. चालत सुटायचं नाही, एका डबक्यापाशी उकिडवं बसायचं आणि दोन मिनिटं गप्प. सावली स्थिर झाली की शंख चालायला लागतो, मग कळतं की आत गोगलगाय नाही, खेकडा राहायला आलाय! समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा प्राणी), बार्नॅकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचवाले जीव), कालवं, नशीब असेल तर समुद्री स्लग (बिनशंखाची गोगलगाय). खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची चादर दिसली तर ते झोअँथिड, प्रवाळांचे नातेवाईक, त्यांच्यात विष असू शकतं म्हणून हात लावायचा नाही.

मग हात कशाला लावायचा? साध्या गोगलगायीला, ओल्या बोटाने, ती आहे तिथेच. दगड उलटलाच तर हळूच आणि बघून झाल्यावर होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर खालचे जीव उन्हात वाळून मरतात. शंकूच्या आकाराचा शंख कधीच उचलू नका, तो डंख मारतो. वाळूत पाण्यातून जायचं असेल तर पाय घासत चाला म्हणजे पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) असलं तर पळून जातं. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीला विसर्जनात पाकटांनी किती जणांना डंख मारले होते ते आठवतंय ना? डंख बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि सरळ दवाखाना.

घरी न्यायचे ते फक्त फोटो. प्रवाळांना तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि रिकामा वाटणारा शंखही कुणाचं तरी पुढचं घर असतो. फोटो आयनॅचरलिस्ट या जीव ओळखायच्या वेबसाइटवर टाकले की जाणकार नाव सांगतात. स्वतःला फारसं ओळखता येत नसेल तर मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले २०१७ पासून असे वॉक घेतात, पहिल्या वेळी त्यांच्यासोबत जा.

आणि पोरांना जाताना एखाद्या कोळीवाड्याच्या बाजारातून न्या, खडकावर न दिसलेलं निम्मं तिथे टोपलीत दिसतं.