किनाऱ्यावरचं लॉज ‘हिरवं’ करताना या चुका टाळा

मला फोन येतो तो सगळी खरेदी उरकल्यावर. बांबूचे ब्रश आलेले असतात, गच्चीवर सोलर बसलेलं असतं, दारात ‘पर्यावरणस्नेही’ अशी पाटीही लागलेली असते. मग मालक आवाज खाली करून विचारतात, “मागच्या बाजूला जरा वास येतो हो. काय करावं?”

तर वासापासूनच सुरुवात करू.

सेप्टिक टाकी दिसत नाही म्हणून ती नाहीच असं समजणं

एका लॉजवर मालकांनी आधी बाग दाखवली. एका कोपऱ्यातलं गवत बाकीच्यापेक्षा हिरवंगार. “आपल्या खताची कमाल,” म्हणाले. शोषखड्डा कुठे आहे विचारलं, तर नेमका त्याच गवताखाली. टाकी बांधली तेव्हा खोल्या चार होत्या. आता अकरा, शिवाय स्वयंपाकघराचं तेलकट पाणीही तिच्यातच सोडलेलं. झाकण सरकवलं तर वर वीतभर जाड साय.

अशा वेळी मी एकच करतो. लांब काठीच्या खालच्या भागाला पांढरा टॉवेल गुंडाळून ती तळापर्यंत सोडतो, दोन-तीन मिनिटं थांबतो आणि सावकाश वर काढतो. काळा पट्टा जिथवर, तिथवर गाळ. साय आणि गाळ मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग भरला की उपसणारा टँकर बोलवायचा. त्या दिवशी टॉवेल जवळजवळ अख्खा काळा निघाला. म्हणजे मैल्याला खाली बसायला जागाच नव्हती. तो तसाच शोषखड्ड्यात जात होता, आणि तिथून वाळूतून विहिरीकडे. वाळू पाणी झटकन सोडते, किनाऱ्यालगत भूजलही फार खोल नसतं; घाण गाळली जायला वेळच मिळत नाही. (टाकीत डोकावू नका, उतरू तर मुळीच नका. तिथल्या वायूने माणसं मरतात.)

मालकांना हवी होती जिवाणूंची पावडर. हा शॉर्टकट माझ्या डोक्यात जातो. रोज बाटलीभर फिनेल आणि ॲसिड ओतून टाकीतले जिवाणू मारायचे आणि वर पाकिटातले विकत आणून सोडायचे! पावडर टाकून साचलेला गाळ नाहीसा होत नाही, तो उपसावाच लागतो. आम्ही टाकी उपसली, वाढलेल्या खोल्यांसाठी दुसरी बांधली, स्वयंपाकघराची लाइन वेगळी काढून तिला तेल-चरबी अडवणारा ग्रीस ट्रॅप लावला. तो दर आठवड्याला खरवडायचा आणि निघालेली चरबी पुन्हा मोरीत ओतायची नाही, हे सांगून सांगून घसा बसला. गवत आता बाकीच्यासारखंच पिवळट झालंय. त्याची तक्रार करायलाही त्यांनी फोन केला होता.

पाणी मचूळ लागलं की बोअर आणखी खोल नेणं

ही चूक मी स्वतः केली आहे. भर सीझनमध्ये साबणाला फेस येईना, तेव्हा घाईघाईने बोअर खोल नेली. थोडे दिवस पाणी भरपूर आलं, मग आधीपेक्षा खारट. नंतर कारण कळलं. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर ते १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत त्याचा थर असतो. उपसा करून वरचं थोडंसं उतरवलं तरी खालचं खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर चढतं. आणि मी तर पाइप त्याच्याच दिशेने नेला होता.

आता पंप लहान ठेवतो आणि थोडं थोडं, जास्त वेळ उपसतो. पावसाचं पाणी नाल्यात न सोडता जिरवतो. दर सोमवारी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून आकडा पंपघराच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो. आकडा चढायला लागला की जिभेला कळायच्या आत मला कळतं. नवे लोक विचारतात, ॲप आहे का? दार आहे.

बाकीच्या, भराभर

‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी चिठ्ठी खोलीत, आणि फ्लश रात्रभर गळतोय. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर वायसर बदला.

‘कंपोस्टेबल’ कप परसातल्या खड्ड्यात टाकणं. त्यातल्या बऱ्याच कपांना ६० अंशांच्या आसपास तापणारा मोठा ढीग लागतो. समुद्रात ते लवकर कुजत नाहीत. स्टीलचे पेले घ्या आणि विसळा.

पुळण ‘स्वच्छ’ करायला ट्रॅक्टर फिरवणं आणि मर्यादवेल उपटणं. ती वेल वाळू धरून ठेवते, वाळू तुमची भिंत वाचवते. कचरा हाताने वेचा, वाहून आलेलं शेवाळ राहू द्या.

बोटीचा नांगर रोज प्रवाळावर टाकणं. सगळ्या बोटवाल्यांनी मिळून बोटी बांधायला कायमचे तरंगते बोये बसवा.

सनस्क्रीनकडे दुर्लक्ष. प्रवाळाला अपाय करतात म्हणून ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली. मी पाहुण्यांना लांब बाह्यांचे पोहण्याचे सदरे भाड्याने देतो. मलमही कमी लागतं.

समुद्राकडे तोंड करून फ्लडलाइट लावणं. कासवाची पिल्लं रात्री उजळ क्षितिजाकडे धावतात, मग ती पाण्याऐवजी तुमच्या पार्किंगमध्ये येतात. दिवे खाली वळवा, नारिंगी लावा आणि पिल्लं निघायच्या दिवसांत सरळ बंद ठेवा. पाहुणे कुरकुरले तर त्यांच्या हातात लाल काच लावलेली बॅटरी द्या.