शांत वर्गाला मी चांगला वर्ग समजत होते

पहिल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गाचं सगळ्यांनी कौतुक केलं. त्याच वर्षी त्याच वर्गातल्या २८ पैकी १३ मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मला कळायला दिवाळी उलटावी लागली. यंदा पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावरून, नेमणूक मिळालेल्या आणि डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. पाठाचं टाचण, आकारिक-संकलित मूल्यमापन, अध्ययन निष्पत्ती हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यात मी शिरत नाही. वर्गाचं वातावरण चांगलं आहे की नाही हे ओळखायचं कसं, एवढंच सांगायचंय.

माझी शाळा शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. निम्मी मुलं गावातली, घरी अहिराणी बोलणारी. निम्मी पाड्यावरची, पावरी बोलणारी. मी स्वतः अमळनेरकडची. आमच्या घरात अहिराणीशिवाय दुसरं काही बोललं जात नाही, पण शिक्षक झाल्यावर ती वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. हाताची घडी, पुस्तकातली मराठी, आणि दर पाच मिनिटांनी "समजलं का?" त्यावर सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "हो मॅडम!" भेटीला आलेले साहेब शेरेबुकात लिहून गेले, शिस्त उत्तम. ते पान मी घरी फोटो काढून दाखवलं होतं.

आता त्या "हो मॅडम"बद्दल सविस्तर सांगते, कारण मी अडकले ते तिथेच, आणि तुम्हीही तिथेच अडकणार.

त्या एका "हो"मध्ये निदान चार प्रकारची मुलं असतात. एकाला खरंच समजलेलं असतं. दुसऱ्याला वाटतं की समजलंय, वहीत करायला बसला की त्याला कळतं. तिसऱ्याला नाही समजलेलं, पण शेजारचा हो म्हणतोय तर आपण एकट्याने नाही कशाला म्हणायचं? आणि चौथ्याला आपण काय बोललो तेच कळलेलं नसतं. त्याला फक्त चाल कळते. मॅडमचा आवाज शेवटी वर गेला की हो म्हणायचं. पाड्यावरची माझी सात-आठ मुलं या चौथ्या प्रकारातली होती, आणि त्यांचाच "हो" सगळ्यात मोठा असायचा. खात्री करायची असेल तर मी केलं ते करून बघा. एका बुधवारी मी फळ्यावर ७ + ५ = १३ लिहिलं, नेहमीच्या सुरात विचारलं, समजलं का? "हो मॅडम!" २८ मुलं. एकाचाही हात वर नाही. चौथीतल्या मुलांना ७ आणि ५ किती होतात हे येत नव्हतं असं नाही. मॅडमचं चुकलंय असं म्हणायची सोय माझ्या वर्गात नव्हती. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा उघडला नाही.

डोळे उघडायला सुरुवात झाली ती त्या बुधवारच्या एक आठवडा आधी, खिचडीच्या रांगेत. वर्गात तोवर कधी तोंड न उघडलेली एक मुलगी पुढच्या मुलाला सांगत होती, "पहिले दहानी नोट मोड, मंग दे." हातचा घेणं म्हणजे काय, हे मी तीन तासिका फळ्यावर दशक-एकक मांडून सांगितलं होतं. तिने ते एका वाक्यात सांगितलं आणि त्याला कळलं. तिला येत होतं, तिची बोली माझ्या वर्गात येऊ शकत नव्हती. बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नाहीत. खानदेशातल्या बोलीतली त्यांची कविता आम्ही पुस्तकातून चालीवर शिकवतो, आणि त्याच तासाला पोर "माले" म्हणालं की "मला म्हण" म्हणून थांबवतो. मी थांबवत होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं आणि मूल भयमुक्त असावं, या दोन गोष्टी एकाच यादीत आहेत. परीक्षेत लिहिलेलं हे कलम मला वर्गात ओळखू आलं नाही. छडी नसली म्हणजे भीती नसते, असं मी धरून चालले होते.

मग मी पदविकेची जुनी नोटबुकं काढली. वर्गात कोण किती आणि कसं बोलतं हे मोजणारी, फ्लँडर्स या अमेरिकन संशोधकाची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत सगळ्यांनी पाठ केलेली असते. दहा प्रकार, त्यातले सात शिक्षकाच्या बोलण्याचे, दोन विद्यार्थ्यांच्या, आणि दहावा शांतता किंवा गोंधळ. शांतता आणि गोंधळ एकाच खान्यात! पाच गुणांचं उत्तर लिहिताना माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. फ्लँडर्सनी शांततेला चांगलं म्हटलेलं नाही, वाईटही नाही. तिच्यावरून वर्गात काय चाललंय ते कळत नाही, म्हणून ती गोंधळाशेजारी बसवली आहे.

एका तासाला मोबाइल टेबलावर ठेवून आवाज मुद्रित केला आणि रात्री दर तीन सेकंदांना, त्या क्षणी यातलं काय चाललंय त्याची एक खूण करत ऐकला. ३५ मिनिटांच्या ७०० खुणा होतात. मूल आपणहून काही बोललं अशा खुणा निघाल्या चार. म्हणजे सगळे मिळून बारा सेकंद. फ्लँडर्सना वर्गातल्या बोलण्यातलं साधारण दोन तृतीयांश शिक्षकाचं सापडलं होतं, माझं त्याहून कितीतरी जास्त होतं. हे काम एकदा तरी करा. वेळखाऊ आहे, स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी करा. दुसऱ्याच्या शेऱ्यावर विसंबू नका, तो शेरा दारातून दिसतं तेवढ्यावर लिहिलेला असतो.

त्याच मुद्रणात दुसरी गोष्ट सापडली. प्रश्न विचारून मी थांबतच नव्हते. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणसंशोधकांनी १९७० च्या दशकात हेच दाखवून दिलं: शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात, ते तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाही, वर्गात उभं राहून बघा, जीव कासावीस होतो. मी खडू खाली ठेवते, हात झटकते, खिडकीपर्यंत जाते आणि मगच मुलांकडे बघते. तेवढ्यात होतात तीन सेकंद. आणि "समजलं का" हा प्रश्न मी सोडला. त्याऐवजी म्हणते, हे तुझ्या आजीला कसं सांगशील? आजीला सांगायचं म्हटलं की मूल आपोआप घरच्या बोलीत येतं. पावरी मला येत नव्हती, अजून अर्धवटच येते. तेव्हा पाड्यावरच्या एका मुलाने दुसऱ्याला त्यांच्या भाषेत सांगायचं आणि दुसऱ्याने फळ्यावर करून दाखवायचं. फळ्यावरून मला कळतं.

बैठकीचा नकाशा हे माझं सगळ्यात आवडतं साधन. वहीच्या पानावर मुलं बसतात तशी चौकटी आखायच्या. वीस मिनिटं, ज्याने उत्तर दिलं त्याच्या चौकटीत एक रेघ. माझ्या पहिल्या नकाशात सगळ्या रेघा पुढच्या दोन ओळींत आणि मधल्या पट्ट्यात होत्या. दाराकडच्या कोपऱ्यात कोरा कागद. तो कोपरा पाड्यावरच्या मुलांचा होता. त्यांना तिथे मी बसवलं नव्हतं, ती आपली आपण बसली होती आणि मी बसू दिलं होतं. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही.

मुलांना विचारल्याशिवाय मात्र हे सगळं अर्धं आहे. रुडॉल्फ मूस आणि हर्बर्ट वॉलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीला वर्गवातावरणाचा अभ्यास सुरू केला तो मुलांनाच विचारून. पुढे बॅरी फ्रेझर आणि डॅरल फिशर या संशोधकांची लहान मुलांसाठीची 'माय क्लास इन्व्हेंटरी' ही प्रश्नसूची आली. त्यात पाच गोष्टी बघतात: मुलं वर्गात खूश आहेत का, भांडणं किती, चढाओढ किती, अभ्यास किती कठीण वाटतो, एकोपा किती. आणि दोन वेळा विचारतात, वर्ग कसा आहे आणि कसा हवा. त्या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुमचं काम.

मी पाच सोपी वाक्यं केली, वाचून दाखवली आणि म्हटलं, पटतं त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे हात सगळ्या वाक्यांना वर. पुन्हा तोच "हो मॅडम", या वेळी हाताने. एकाच खड्ड्यात मी दुसऱ्यांदा पडले होते. म्हणून सांगते, उघड्यावर विचारू नका. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाला पाच चिंचोके दिले, व्हरांड्यात दोन डबे ठेवले, हिरवा हो, लाल नाही, आणि दर वाक्याला एकेकाने जाऊन एक चिंचोका टाकायचा. वाक्यं अहिराणीत, पाड्यावरच्या मुलांना त्यांच्यातल्याच सातवीतल्या मुलीने सांगितली. "चुकनं ते सगळा हसतस" या वाक्याला १९ चिंचोके हिरव्या डब्यात पडले. मला वाटत होतं माझ्या वर्गात कुणी कुणाला हसत नाही.

खोली, उजेड, वारा यांबद्दल थोडक्यात. खानदेशात मार्चनंतर पत्र्याखाली दुपारी कुणीही शिकत नाही, सकाळच्या शाळेत कठीण भाग पहिल्या तासाला घ्या. कापूस वेचणीच्या दिवसांत आणि होळीआधीच्या, आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या आठवड्यात मोजमाप करू नका, अर्धा वर्ग जागेवर नसतो आणि जो असतो तो दमलेला असतो. बोलक्या भिंती रंगवल्या म्हणून वर्ग बोलका होत नाही. कायदा पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. माझी २८ होती, तरी हे झालं.

तयार टाचणं आणि झेरॉक्सच्या दुकानातली कृतिसंशोधनं विकत घेऊ नका, हे मी कितीही वेळा सांगेन. दुसऱ्याच्या वर्गाचे निष्कर्ष स्वतःच्या नावाने जमा केले की आपल्या वर्गाकडे बघायची सवयच लागत नाही. मार्गदर्शकही निवडून घ्या. "वर्ग मुठीत ठेव" म्हणणारे पहिल्याच आठवड्यात भेटतील, प्रेमाने सांगतील, त्यांचं ऐकून मी अर्धं वर्ष घालवलं. मला उपयोगी पडले ते शेजारच्या शाळेतले एक निवृत्तीला आलेले गुरुजी. ते आले, मागे सतरंजीवर मुलांमध्ये बसले, दोन तास एक शब्द बोलले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, "दाराजवळच्या त्या पोराचं नाव काय?" मला पटकन आठवलं नाही.

पहिलं वर्ष वाया गेलं असं वाटून रडू येईल. येऊ द्या. पहिल्या वर्षी कुणालाच मागची ओळ दिसत नाही, तेव्हा सगळं लक्ष आपल्या पायाखाली असतं. वर्गात आवाज वाढला की मुख्याध्यापक डोकावतील, त्यांना आत बोलवा, नकाशा दाखवा. माझ्या वर्गात जानेवारीत पहिल्यांदा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "माले समजनं नही." मी तारीख वहीत लिहून ठेवली आहे. त्यानंतर आठवडाभरात आणखी पाच जण म्हणाले. वार्षिक परीक्षेला वजाबाकी न येणारी तीन उरली, त्यातली दोन वेचणीला गेलेली होती.

यंदाचा वर्ग नवा आहे. परवा चिंचोके घेतले. "चुकलं की हसतात" याला अजून सहा हिरव्या डब्यात पडले. ते कुणाचे हे मी विचारणार नाही. सोमवारपासून बैठक बदलतेय, दाराकडची ओळ खिडकीकडे, आणि आठवड्याने पुन्हा नकाशा काढणार आहे.