विजापूर एकदम उरकू नका

बेळगावात दोन दिवसांची सुट्टी म्हटली की गाडी आपोआप चोर्ला घाटाकडे, गोव्याच्या दिशेने वळते. अशा वेळी कोणी ‘आम्ही विजापूरला चाललो’ म्हणालं की शेजारी विचारतात, ‘कुणाचं लग्न काय?’ आणि तिसऱ्यांदा निघालात तर, ‘गोलघुमट बघितला नव्हता काय अजून?’

अडचण त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. बहुतेकांनी विजापूर शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं: सहा तासांत आठ ठिकाणं, मध्ये पुलावभाताचा डबा, आणि डोक्यात उरतो तो एक घुमट. असं उरकलं की परत जायला काही शिल्लक राहत नाही. म्हणून एका खेपेला दोनच मोठ्या वास्तू, एखादी छोटी जागा आणि एक नीट जेवण, एवढंच धरा. बाकीचं पुढच्या वेळेला.

आधी नावाचा घोळ. १ नोव्हेंबर २०१४ पासून पाट्यांवर ‘विजयपुर’ आहे. बसची पाटी कन्नडमध्ये असते, तेव्हा ‘विजापूर’ शोधत फलाटावर उभं राहू नका. मोबाइलवर लॉज बुक करताना जास्त सांभाळायचं, कारण याच नावाचं एक गाव बेंगळुरूजवळ देवनहळ्ळीकडे आहे आणि यादीत दोन्हीकडची लॉजं मिसळून येतात. पिन कोड ५८६१०१ दिसला तरच पैसे भरा.

बेळगावहून मुधोळ-जमखंडीमार्गे अंतर २०० किलोमीटरच्या आसपास, बसला पाचेक तास. अथणीकरांना तिकोट्यावरून ७५ किलोमीटर, म्हणजे ते चहा पिऊन निघाले तरी चालतं. रेल्वेच्या नादाला बेळगावकरांनी लागू नये. आधी हुबळी, मग गदग, मग वर, असा उलटा फेरा पडतो. सकाळी जाऊन रात्री परत, हा बेत तर मुळीच नको. दहा तास प्रवासात जातात आणि गावात हिंडायला भर दुपार तेवढी हाती लागते. एक मुक्काम हवाच, आणि लॉज स्टेशनच्या बाजूला घ्या, म्हणजे पहाटे गोलघुमटापर्यंत पायी जाता येतं.

पोचल्या दिवशी उन्हं उतरल्यावर उपळी बुरुजावर चढा. १५८४ सालचा, ८० फूट उंच, जिना बाहेरून गोल फिरत वर जातो. वरून पूर्वेला गोलघुमट आणि पश्चिमेला इब्राहिम रोजा (दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर) दिसला की गावाचा नकाशा डोक्यात बसतो. शेजारीच शेरजा बुरुजावर मुलूखमैदान तोफ. आपल्याकडे सभा गाजवणाऱ्या वक्त्याला हे नाव देतात, ती ही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, वजन ५५ टनांच्या घरात. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा. त्या दातांत हत्ती कुठे चिरडलाय ते पोरांना शोधू द्या.

दुसरी सकाळ गोलघुमटाची. दार सहाला उघडतं. तुम्ही सहाला तिथे असा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मुहम्मद आदिलशहाची ही कबर १६५६ मध्ये पुरी झाली; घुमट बाहेरून ४४ मीटर व्यासाचा आणि मध्ये एकही खांब नाही. चारी कोपऱ्यांच्या सात मजली मनोऱ्यांतून जिने आहेत. पायऱ्या उंच, वाट अरुंद, वळणावर अंधार. पाण्याची बाटली हातात न धरता खांद्याच्या पिशवीत ठेवा, एक हात भिंतीला मोकळा हवा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच थांबलेलं बरं. चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं. जिना गच्चीवर निघतो, तिथून आतल्या सज्जात शिरायचं.

सज्जात बहुतेक जण मधल्या पोकळीकडे तोंड करून ‘ओ’ ओरडतात. त्याने नुसता गोंगाट होतो. एकाने दाराशी थांबावं, दुसऱ्याने अर्धा फेरा चालून बरोबर समोर जावं, साठेक मीटर होतात. दोघांनी भिंतीला खेटून बसावं, तोंड भिंतीपासून वीतभर, आणि आवाज भिंतीच्या कडेने सोडावा, कानात सांगावं इतका हळू. गोल भिंतीला धरून आवाज घसरत जातो, पसरत नाही, म्हणून पलीकडच्याला तो कानाशी ऐकू येतो. कागद फाडून बघा, तेही कळतं. मग एकच टाळी वाजवा आणि गप्प राहा. सात, आठ, कधी दहा वेळा परत येते. मोजणी चुकते कारण पहिली टाळी विरायच्या आत शेजारचा दुसरी वाजवतो.

नवाच्या सुमाराला सहलीच्या बसेस लागल्या की संपलं. वर शिट्ट्या सुरू होतात आणि घुमटाचा कुकर होतो. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण सहलींचा हंगामही तोच. आमचं मत विचाराल तर जुलै-ऑगस्टमधला मधला वार धरा. तिथला पाऊस बेळगावच्या निम्म्याच्या आसपास. आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तेव्हा तिकडे मोकळं आभाळ मिळतं. एप्रिल-मे सोडाच, पारा चाळिशी ओलांडतो.

इब्राहिम रोजा पुढच्या खेपेसाठी ठेवा, आणि तो दोनदा पाहायचा. एकाच जोत्यावर पश्चिमेला मशीद, पूर्वेला कबर, मध्ये हौद. सकाळचं ऊन मशिदीच्या दर्शनी भागावर येतं, तिसऱ्या प्रहरी कबरीची हौदाकडची बाजू उजळते. एकाच फेरीत दोन्हींचे फोटो काढलेत तर एक काळवंडणारच. खिडक्यांच्या दगडी जाळ्यांत अरबी अक्षरंच कोरली आहेत. आत उभं राहिलं की उजेड त्या अक्षरांच्या फटींतून येतो. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी पोळते, म्हणून जाड मोजे जवळ असू द्या. जामा मशिदीलाही हेच, फक्त शुक्रवारी दुपारी जाऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला बारा कमान ही अपुरी राहिलेली कबर, ताज बावडी ही मोठी विहीर, मेहतर महाल हे मशिदीचं नक्षीदार प्रवेशद्वार. गावाच्या पश्चिमेला साठ कबर आहे: साठाहून अधिक थडगी ओळीने. अफझलखानाने निघण्यापूर्वी आपल्या बायकांना मारलं अशी दंतकथा. त्याने स्वतःसाठी बांधून ठेवलेली कबर मात्र रिकामीच राहिली. तो प्रतापगडाखाली पुरला गेला. विड्याची गोष्ट शाळेत पाठ केलेल्यांनी ही बाजूही बघावी. रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, परतीला वाहन मिळत नाही.

जेवण हॉटेलात नको, खानावळीत. गरम ज्वारीची भाकरी, एण्णेगाई म्हणजे तेलातली भरली वांगी, मुगाची उसळ, शेंगाचटणी, दही. साडेबाराला जा, दोन वाजून गेले की वांगी संपतात.

परतताना कडक भाकरी घ्या. कोरडी राहिली तर कित्येक आठवडे टिकते, पण प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणली की दमट होऊन चिवट होते, आणि बॅगेत तळाशी गेली तर चुरा. दहा-दहाची चवड वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात आडवी ठेवा आणि डबा मांडीवर घ्या. तरी दोन-चार मोडतातच. त्या ताकात कुस्करून वर शेंगाचटणी.